जिभलीला न कळलेली चव

बुधवारी संध्याकाळी केलेलं कोकम सरबत एकूण चाळीस जण प्यायले. त्यांतल्या एकतीस जणांना उलट्या झाल्या आणि नऊ जणांना काहीच झालं नाही. सरबत मात्र एकच होतं.

ही गोष्ट २०६८ सालची, लाटघरावरची. देवगडच्या किनाऱ्यापासून बावीस किलोमीटर आत, समुद्रात रोवलेल्या खांबांवर हे वीजकेंद्र उभं होतं. खाली लाटांच्या वरखाली होण्यावर वीज तयार व्हायची आणि वर ती तयार करणारी माणसं आपापल्या कुटुंबांसह राहायची. सगळी मिळून दीडशे माणसं, एक शाळा, एक लहानसा दवाखाना आणि सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर.

स्वयंपाकघर दिगंबर सारंग सांभाळायचे. अकरा वर्षांची शलाका ही त्यांची मुलगी. आणि त्यांच्या मदतीला होती जिभली. जिभली म्हणजे ओट्यावर सरकत फिरणारं, पातळ चमच्यासारखा हात असलेलं एक यंत्र. पदार्थात चमचा बुडवून ती त्यातलं मीठ, साखर, आंबटपणा मोजायची, रोगजंतू आहेत का ते बघायची आणि सगळं ठीक असलं की हिरवा दिवा लावायची. तिचा दिवा हिरवा झाल्याशिवाय लाटघरावर कुणाच्या ताटात काही पडत नसे.

त्या आठवड्यात केंद्राचा वर्धापनदिन होता. गुरुवारी मुलांचे खेळ आणि शनिवारी मोठा कार्यक्रम. शनिवारी किनाऱ्यावरच्या शाळेतली साठ मुलं बोटीने पाहुणी येणार होती. सरबतासाठी नेहमी वापरायच्या स्टीलच्या टाकीचा नळ गळू लागला होता, म्हणून सारंगांनी सभागृहात शोभेला ठेवलेलं पितळेचं मोठं तपेलं काढलं. ते केंद्राच्या पहिल्या वर्षीचं. गेल्या वर्धापनदिनाला त्याच तपेल्यात शिरा केला होता.

बोटीने कोकमं आली नव्हती. त्याऐवजी केंद्रातल्या प्रयोगशाळेने तयार केलेला कोकमस्वाद वापरायचं ठरलं. साखरेवर एक प्रकारची बुरशी वाढवून तिच्याकडून सायट्रिक आम्ल (लिंबाला आंबट चव देणारं तेच आम्ल) करून घ्यायचं आणि त्यात कोकमाचा वास आणि रंग मिसळायचा, असा तो स्वाद. सारंगांनी बुधवारी संध्याकाळी सहा वाजता सरबत कालवलं. जिभलीने तपासलं. हिरवा दिवा लागला.

गुरुवारी सकाळी दहा वाजता धावण्याच्या शर्यती संपल्या आणि मुलांनी तपेल्याभोवती गर्दी केली. अकरा वाजायच्या आत दवाखान्याच्या दारात रांग लागली होती.

शलाका सरबत प्यायली नव्हती. तिची शर्यत शेवटची होती, आणि ती येईपर्यंत पहिल्या मुलाला उलटी झाली होती. पण तिचा मित्र ओजस चार पेले प्यायला होता. त्याच्या हाताला सलाईन लावावं लागलं.

"नाणं चोखल्यासारखं लागत होतं," ओजस तिला म्हणाला. त्याचे ओठ सुकले होते. "पण तहान लागली होती ना, म्हणून पीत गेलो."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रोगजंतूंची तपासणी केली. काही सापडलं नाही. उरलेल्या सरबताच्या तीन बाटल्या भरून त्यांनी तपेलं रिकामं करवलं, एक बाटली किनाऱ्यावरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली आणि दोन स्वतःकडे ठेवल्या. उत्तर यायला चार दिवस लागणार होते.

केंद्रप्रमुख निमकरबाई चार दिवस थांबायला तयार नव्हत्या. त्यांनी दुपारीच सगळ्यांना एकत्र बोलावलं.

"एवढ्या वर्षांत असं कधी झालं नाही," त्या म्हणाल्या. "नवीन गोष्ट एकच होती. तो कृत्रिम स्वाद. तो आजपासून बंद. शनिवारी पाहुण्यांना खऱ्या लिंबाचं सरबत द्यायचं. आणि दिगंबर, चौकशी होईपर्यंत तुम्ही स्वयंपाकघरात येऊ नका. तुमच्यावर आरोप करत नाहीये मी. पण मुलांच्या आईवडिलांना मला काहीतरी सांगावं लागेल."

सारंग सरळ घरी गेले. त्यांनी हात धुतले. थोड्या वेळाने पुन्हा धुतले. शलाकाने वाढलेलं जेवण तसंच राहिलं.

"सव्वीस वर्षं स्वयंपाक करतोय," ते म्हणाले. "माझ्या हातचं पिऊन पोरं आडवी झाली."

"जिभलीने हिरवा दिवा दिला होता ना, बाबा?"

"दिला होता. म्हणून तर सकाळी मी चाखलंसुद्धा नाही."

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. शलाकाने एक वही घेतली आणि सरबत प्यायलेल्या प्रत्येकाकडे गेली. किती पेले प्यायलात, कधी, कुठून घेतलंत, हे तिने विचारलं. काहींनी तिला उत्तरं दिली. एका मुलीच्या आईने दार लावून घेतलं. दुपारपर्यंत तिच्याकडे चाळीस नावं जमली आणि तेव्हा तिला ते नऊ जण सापडले.

नऊही जण रात्रपाळीचे कामगार होते. बुधवारी संध्याकाळी सरबत कालवल्याबरोबर सारंगांनी त्यांच्यासाठी ते स्टीलच्या थर्मासमध्ये भरून दिलं होतं. त्यांतल्या एकाने तर सकाळी घरी जाताना, म्हणजे मुलांच्या शर्यती चालू असताना, उरलेलं सरबत प्यायलं होतं. त्यालाही काही झालं नव्हतं.

म्हणजे स्वाद तोच, साखर तीच, पाणी तेच आणि करणारा माणूसही तोच. फरक एवढाच की एक सरबत रात्रभर स्टीलमध्ये राहिलं आणि दुसरं पितळेत.

शलाका वही घेऊन खालच्या मजल्यावर गेली. तिथे तांबट आजींची कार्यशाळा होती. डॉ. यशोधरा तांबट चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. जन्मभर त्यांनी धातूंवर संशोधन केलं होतं आणि आता लाटघराच्या खांबांना समुद्राच्या पाण्याने गंज लागू नये म्हणून त्या काम करत होत्या. शलाकाने सगळं सांगितलं. ओजसला लागलेली नाण्याची चवही सांगितली.

आजींनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"सरबत कळकलं," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"कळकलं. हा शब्द ऐकला नाहीस तू? माझ्या आजोबांच्या तोंडी रोज असायचा. आमचं घराणं भांडी घडवणाऱ्यांचं. तांब्यापितळेच्या उघड्या भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं की त्याला धातूची चव उतरायची. ते कळकलं असं म्हणायचे, आणि कुणी खायचं नाही."

"मग जिभलीला कसं कळलं नाही?"

"तिला विचार."

शलाकाने मनगटावरच्या यंत्रातून जिभलीला विचारलं. सरबत कळकलं होतं का? जिभलीने शांतपणे उत्तर दिलं, "हा शब्द माझ्या यादीत नाही. माझ्या यादीत खारट, गोड, आंबट, कडू आणि तिखट आहे. सरबताची तपासणी बुधवारी सहा वाजून चार मिनिटांनी झाली. ते सुरक्षित होतं."

"तेव्हा होतंच," आजी म्हणाल्या. "ती खोटं बोलत नाहीये. पण सकाळी कुणी तपासलं? आता बस. मी सांगते ते खरंच मान असं नाही. आधी समजून घे, मग आपण करून बघू."

त्यांनी फळ्यावर भांड्याची भिंत काढली.

"पितळ हा मिश्रधातू आहे (दोन किंवा अधिक धातू एकत्र वितळवून केलेला धातू). यात तांबं जास्त, जस्त कमी. आता या भिंतीला नुसतं आम्ल लागलं तर तांब्याचं फारसं बिघडत नाही. पण सरबतात हवाही विरघळलेली असते आणि हवेत प्राणवायू असतो. प्राणवायू तांब्याशी जोडला जातो आणि भिंतीवर एक अतिशय पातळ थर तयार होतो. साधं पाणी असतं तर तो थर बराचसा तिथेच राहिला असता. आम्ल मात्र त्याला विरघळवतं. मग काय होईल?"

"खालचं तांबं पुन्हा उघडं पडेल."

"आणि?"

"त्याच्यावर पुन्हा थर. तोही विरघळणार."

"रात्रभर. सोळा तास. प्रत्येक वेळी थोडं थोडं तांबं सरबतात उतरतं, आयन होऊन (विद्युतभार असलेला अणू म्हणजे आयन). ते दिसत नाही. पाण्यात असतं तर निळसर हिरवी झाक कदाचित दिसली असती, पण सरबत लाल होतं. शरीराला तांबं लागतं, पण कणभर. जास्त झालं की पोट ते ठेवून घेत नाही, बाहेर टाकतं. म्हणून उलट्या."

"म्हणजे स्वाद विषारी नव्हता. आणि तपेलंही नव्हतं."

"नव्हतं. दोघांची गाठ पडली आणि मध्ये वेळ गेला."

करून बघायचं ते असं होतं. शलाकाने डॉक्टरांकडून एक बाटली मागून आणली आणि रात्रपाळीतल्या एकाच्या फ्रिजमध्ये उरलेलं थर्मासमधलं सरबतही आणलं. आजींनी दोन्ही सरबतं दोन काचेच्या भांड्यांत घालून पाव भाग उरेपर्यंत आटवली, म्हणजे त्यात जे काही असेल ते दाट होईल. मग लोखंडाचे दोन खिळे पॉलिश पेपरने घासून लख्ख केले आणि दोन्हीकडे एकेक बुडवला.

"लोखंड तांब्यापेक्षा उतावळं," आजी म्हणाल्या. "द्रवात उतरायची त्याला घाई. ते तांब्याला हुसकावून त्याची जागा घेतं आणि हुसकावलेलं तांबं बिचारं खिळ्यावर येऊन बसतं. याला विस्थापन म्हणतात. तांबं असेल तरच खिळा लाल होईल."

तासाभराने त्यांनी खिळे बाहेर काढून पाण्याने धुतले. थर्मासच्या सरबतातला खिळा थोडा काळवंडला होता, एवढंच. तपेल्याच्या सरबतातल्या खिळ्यावर नव्या नाण्यासारखा तांबूस पातळ मुलामा चढला होता. शलाकाने नखाने खरवडून पाहिलं. खाली लोखंड दिसलं.

तिला आनंद झाला. बाबांची चूक नव्हती. ती धावत निघणार तोच आजी म्हणाल्या, "एक गोष्ट मला कळत नाहीये. हे तपेलं मी पाहिलंय. त्याला आतून कल्हई होती."

"कल्हई?"

"कथलाचा पातळ थर. कथील हा धातू आम्लाला सहज दाद देत नाही आणि तांब्याला अन्नाशी भेटू देत नाही. गेल्या वर्षी किनाऱ्यावरून ताजी कल्हई करून आणलं होतं ते भांडं. आतून राखाडी, चंदेरी दिसतं. एका वर्षात, एकदा शिरा करून, ती जाणार नाही. कुणीतरी घासून काढल्याशिवाय."

शलाका दारातच थांबली.

मागच्या आठवड्यात सभागृह सजवायचं काम मुलांकडे होतं. तपेलं तिच्या आणि ओजसच्या वाट्याला आलं होतं. बाहेरून ते चिंच लावून चकचकीत झालं, पण आतून मळकट राखाडीच राहिलं. तेव्हा ओजसने पॉलिश पेपर आणला आणि दोन दुपारी दोघं आलटूनपालटून तपेल्यात उतरून घासत होते. आतलं पितळ सोन्यासारखं निघालं तेव्हा दोघांना फार बरं वाटलं होतं.

"आम्ही घासली," ती म्हणाली.

 आजींनी खिळे एका रुमालात गुंडाळून तिच्या हातात दिले.

दोघी स्वयंपाकघरात पोचल्या तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. निमकरबाई स्वतः बाह्या सरसावून उभ्या होत्या. चार जण बसून लिंबं पिळत होते. रसाच्या दोन बादल्या भरल्या होत्या आणि मध्ये, धुऊन पुसून, तेच पितळेचं तपेलं ठेवलेलं होतं. एक जण पहिली बादली उचलत होता.

"यात ओतू नका," शलाका म्हणाली.

"शलाका, हा खऱ्या लिंबांचा रस आहे," निमकरबाई म्हणाल्या. "प्रयोगशाळेतलं यात काही नाही."

"तपेल्याला खरं-खोटं कळत नाही, बाई. त्याला फक्त आंबट कळतं."

तिने खिळे ओट्यावर ठेवले आणि वही उघडली. नऊ आणि एकतीस. स्टील आणि पितळ. मग प्राणवायू, थर, आम्ल. ती मध्येच अडखळली तेव्हा सगळ्यांनी आजींकडे पाहिलं, पण आजी तिच्यासाठी एक वाक्यही बोलल्या नाहीत. बादली उचललेला माणूस ती तशीच धरून उभा होता. शेवटी त्याने ती खाली ठेवली.

"हे पटतंय," निमकरबाई सावकाश म्हणाल्या. "पण गेल्या वर्षी याच तपेल्यात शिरा केला. मीही खाल्ला. तेव्हा का नाही काही झालं?"

शलाकाला उत्तर येत होतं. शिरा आंबट नसतो, एवढं सांगून तिला थांबता आलं असतं. तेही खरंच होतं. दारात तिचे बाबा येऊन उभे होते. कुणीतरी त्यांना बोलावून आणलं असावं.

"शिरा आंबट नसतो," ती म्हणाली. "आणि तेव्हा आतून कल्हई होती. मागच्या आठवड्यात मी आणि ओजसने ती घासून काढली. आम्हाला वाटलं मळ आहे. आम्हाला माहीत नव्हतं."

 लिंबं पिळणाऱ्या एका बाईंची मुलगी गुरुवारी आजारी पडली होती. त्यांनी हातातलं लिंबू ताटलीत ठेवलं आणि त्या शलाकाकडे बघत राहिल्या.

सारंग आत आले. "पोरांनी कल्हई घासली," ते म्हणाले, "आणि कल्हई नाही हे मला दिसलं नाही. मी शब्द ऐकलाय, कधी बघितली नव्हती. भांडं चमकतंय म्हणजे स्वच्छ आहे एवढंच मला कळलं. आणि सकाळी एक घोट घेतला असता तरी मुलांना दिलं नसतं. तो घोट घ्यायचा माझ्याकडून राहिला."

"सारंगकाका, हिरव्या दिव्यावर आम्ही सगळेच विसंबलो होतो," त्या बाई म्हणाल्या. थोडं थांबून त्या शलाकाला म्हणाल्या, "माझ्या सायलीला तू स्वतः सांग हे सगळं. जसं आत्ता सांगितलंस तसंच."

शलाकाने मान हलवली.

निमकरबाईंनी लिंबाचा रस स्टीलच्या बादल्यांत आणि काचेच्या बरण्यांतच राहू दिला. शनिवारी किनाऱ्यावरून साठ मुलं आली, सरबत प्यायली, वीज कशी तयार होते ते पाहून परत गेली. सरबत सारंगांनीच कालवलं होतं. सोमवारी मोठ्या प्रयोगशाळेचं उत्तर आलं. सरबतात तांबं होतं, आणि स्वादात काहीही दोष नव्हता.

ओजसला सगळं सांगायला शलाका रविवारीच गेली होती. 

"म्हणजे मी स्वतःच स्वतःला आजारी पाडलं," तो म्हणाला.

"आणि तीस जणांना. माझ्यासोबत."

पुढचे दोन दिवस दोघं मिळून आजारी पडलेल्या प्रत्येकाच्या घरी गेले. काही ठिकाणी खाऊ मिळाला आणि काही ठिकाणी बोलणी बसली. दोन्ही त्यांनी घेतलं.

तपेलं फेकायचं का, असा प्रश्न निघाला. आजी नको म्हणाल्या. त्यांनी किनाऱ्यावरून कथील आणि नवसागर (तापलेल्या धातूवरचा मळ काढणारा क्षार) मागवला. मोकळ्या गच्चीवर, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून, तोंडाला मुखवटा लावून त्यांनी तपेलं तापवलं. मुलं लांब दोरीमागे उभी होती. नवसागर टाकताच पांढरा धूर उठला. मग कथलाचा तुकडा टेकवला आणि तो पाघळताच कापसाच्या बोळ्याने आतून फिरवला. बोळा जिथे जिथे गेला तिथे पिवळं पितळ चंदेरी होत गेलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींचा हात कुठेही थांबला नाही.

"आता यात सरबत ठेवायचं?" ओजसने विचारलं.

"करायला हरकत नाही. रात्रभर ठेवायला मी स्टील किंवा काचच घेईन," आजी म्हणाल्या. "कल्हईही झिजते. तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं."

जिभलीची यादी बदलायचं काम शलाका आणि सारंगांनी केलं. त्याला तीन आठवडे लागले. तांबं मोजायची एक बारीक तार प्रयोगशाळेने तिच्या चमच्यात बसवून दिली. पण शलाकाच्या मते तेवढं पुरेसं नव्हतं. आता जिभली पदार्थ तपासण्याआधी विचारते, कशात ठेवलंय आणि किती वेळ ठेवणार? आणि वाढायच्या आधी पुन्हा एकदा चमचा बुडवते. तिच्या यादीत सहावा शब्द आहे, कळकलेलं.

समुद्रात लाटघरासारखी आणखी सात केंद्रं होती. निमकरबाईंनी घडलेली हकिगत शलाकाकडूनच लिहून घेतली आणि सगळ्यांना पाठवली. कल्हई कुणी घासली, हेही तिने त्यात लिहिलं. महिन्याभरात पाच केंद्रांची उत्तरं आली. एका ठिकाणी तांब्याच्या पिंपातून ताक वाटत असत, ते त्यांनी बंद केलं होतं. सर्वांत दूरच्या केंद्रावरून एका मुलाचं पत्र आलं. त्यांच्याकडे अॅल्युमिनियमच्या डब्यात कैरीचं लोणचं आहे. डब्याला आतून बारीक खड्डे पडलेत. तांब्यासारखंच हे आहे का, की वेगळं?

शलाकाने पत्र दोनदा वाचलं. उत्तर तिला माहीत नव्हतं. ती तांबट आजींकडे गेली तेव्हा आजी म्हणाल्या, थोडं मलाही ठाऊक आहे, पण सगळं नाही.

दोघींनी एक अॅल्युमिनियमचा डबा, एक कैरी आणि एक वजनकाटा घेतला. शलाकाने वहीचं नवं पान उघडून वर तारीख घातली आणि रिकाम्या डब्याचं वजन लिहिलं.